एक मिनिट शांतता

विश्रामबागेत आमचा वर्ग विचाराल
तर कुणी सांगणार नाही.
चौगुल्यांचं इन्व्हर्टरचं दुकान विचारा, त्याच्यावरचा मजला.
ध्वनिमुद्रण व संकलन, सहा महिने,
दहावी पास किंवा नापास, फी दोन हप्त्यांत.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
तासगावच्या एका पोल्ट्रीवाल्यानं फुकट दिलेले.

पहिल्या दिवशी मी म्हणालो,
आता एक मिनिट शांतता.
तर अकराच्या अकरा पोरं उठून उभी राहिली,
माना खाली, हात पोटाशी.
सन्मती मगदूमनं डोळेसुद्धा मिटले
आणि नंतर हळूच विचारलं,
कोण गेलं, सर?

कुणी नाही गं. बसा.
कुणीच बोलत नसतं तेव्हाही खोलीला आवाज असतो.
तो टेप करायचा.
संवाद कापले की मध्ये भोक पडतं,
तिथं हा भरायचा, रफू केल्यासारखा.
एका खोलीचा दुसरीला चालत नाही, ठिगळ दिसतं.
घरून एक मिनिट आणा.

रेकॉर्डर एकच. माझा, लग्नांच्या शूटिंगच्या काळातला,
अजून त्यात कुणाचा तरी सनईवाला अडकलाय.
पाळीपाळीनं नेला.
सन्मतीनं मामाच्या हळदीच्या गोदामातली आणली,
पोत्यांनी पिऊन कोरडी केलेली,
कानात कापूस घातल्यागत.
तौफिक शिकलगारनं नमाजानंतरच्या मशिदीतली,
तिच्यात एक पंखा वाकडा.
विराजनं मोबाईलवरनं उतरवली.
म्हटलं, कुपवाडात तिसऱ्या मजल्यावर
रातकिडे कधीपासून राहायला आले रे?

सुयोग म्हेत्रे विट्याचा. पहिल्या एसटीनं येतो.
वर घर, खाली आठ माग.
तीन सोमवार रिकामा आला.
सर, आमच्यात शांतताच नाही.
रात्रपाळी उठायच्या आत दिवसपाळी बसते.
सापडेल, म्हणालो.
असं म्हणायचेच तर पैसे घेतो मी.

चौथ्या सोमवारी त्यानं कार्ड पुढं केलं.
फीडर गेलेला, दुपारी पावणेचारला.
मी हेडफोन चढवला.
माग थांबल्यावरची हवा.
तापलेलं लोखंड कुठंतरी टिक टिक निवत होतं.
सुताची धूळ खाली बसते, तिला आवाज नसतो;
ऐकू आली म्हटलं असतं तर पोरं हसली असती.
लांब एक बकरी.
बकरीचा एक मार्क कापला.

बत्तिसाव्या सेकंदाला त्यानं माझ्या कोपराला हात लावला.
इथं आई बोलली, सर.

परत ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं.
नुसती सळसळ.

ती ओठांनीच बोलते.
वीस वर्षं मागावर आहे ना,
तिथं आवाज काढून उपयोग नसतो.
आता माग बंद असले तरी तसंच.

काय म्हणाली?

झालं का तुझं, म्हणाली.
मी मान हलवली, नाही म्हणून.
मग थांबली ती तिथंच, हातात कांडी धरून,
मिनिट पुरं होईपर्यंत.

मी दहापैकी नऊ दिले
आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

दुसरा हप्ता द्यायला ती स्वतः आली.
पैसे रुमालात, दोनदा मोजलेले.
जिन्यापर्यंत मी सोडायला गेलो
तर खाली चौगुल्यांनी जनरेटर चालू करून बघायला घेतलेला,
कठडासुद्धा थरथरत होता.
तिनं वळून काहीतरी विचारलं.
लागंल का कुठं तरी ह्यो?
एवढं मला ओठांवरनं वाचता आलं,
शिकवल्याशिवाय.

मीही तसंच उत्तर दिलं, आवाज न काढता.
तिला कळलं. मान डोलावली तिनं.
सुयोग दोन पायऱ्या खाली होता,
पाठमोरा,
चपलेचा अंगठा नीट करत.