तिरप्या तोंडाची नळी

वखारभागात, अण्णू रेंदाळकर जिथं रेडिओ दुरुस्त करायचा,
तिथं आता जांभळा बोर्ड,
बोर्डावर डोळे मिचकावणारा पेला.
महिनाभर आम्ही नुसत्याच समोरनं गेलो,
मी आणि शेवंता ऐवळे,
डोईचा रुमाल सोडत, हळद झटकत.

शनिवारी पगार झाला. तिचा शेवटचा.
गुडघ्यांनी पोत्यांशी भांडण काढलेलं.
म्हणाली, "चल गं, विष तर न्हाई."

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं,
"साखर किती? पन्नास टक्के? पंचाहत्तर?"
टक्के आम्हाला आडत्याच्या तोंडून ठाऊक,
ते कापायलाच असतात.
"पूर्ण भर," शेवंता म्हणाली, "कापू नगंस काय."

"आन् बुडाला काळं काय ते?"
"टॅपिओका पर्ल्स, मावशी."
"म्हंजे?"
पोरगी घुटमळली. मग हळूच,
"शाबूच हाय. गुळाच्या पाकातला."
"मग संकष्टीला चालतंय की!"
मागं बसलेली कॉलेजची पोरं
फस्सकन हसली. आम्हीबी.

पेल्याच्या तोंडावर पापुद्रा, हलगीसारखा ताणलेला.
आणि नळी जाड,
टोकाला तिरपी कापलेली.
दोघींनी एकमेकींकडं बघितलं.
शेजारच्या गाळ्यात शाळूच्या पोत्यात
खुपसतात ती अशीच, फक्त लोखंडी.
व्यापारी येतो, कचकन घालतो,
ओंजळभर दाणे घेतो, त्यातला एक दाढेखाली धरतो
आणि आख्ख्या थप्पीचा भाव सांगून मोकळा.
तीस वर्षं आम्ही पोतं धरून उभ्या.
नळी कधी हातात आली नव्हती.

शेवंतानं पदर खोचला.
कचकन.
पहिला मणी असा वर आला की ठसका लागला,
डोळ्यांत पाणी, नाकात चहा.
मग तिनं सावकाश चावलं,
मान तिरकी केली, अगदी शेठजीगत,
आणि निकाल दिला,
"ओलावा जास्त हाय. पर माल चांगला."

शेवटी चार मणी तळाला चिकटून राहिले.
ती ओढत राहिली, फुर्रर्र, फुर्रर्र,
रस्त्यानं जाणारा रिक्षावाला वळून बघेपर्यंत.
पेला तिनं पिशवीत टाकला. धुऊन मेथ्या ठेवीन म्हणाली.
त्याच्यावर तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा.

सोमवारी मी एकटीच तिथनं गेले.
पोरीनं काचेआडून दोन बोटं दाखवली.
मी हात हलवला.
हो म्हणाले का नको,
ते तिला कळलं नसणार,
मलाही नाही.