राखाडी पेटी

कॅप्टनच्या खुर्चीमागे, उजव्या अंगाला,
भिंतीत एक राखाडी पेटी आहे.
सत्तेचाळीस भाग झाले,
तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही.
तीन दिवे. दोन हिरवे, पेंगुळलेले.
तिसरा पिवळा, सात सेकंदांनी एकदा
डोळा मिचकावतो
आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो.
काम कोणतं, यावरूनच आमची भांडणं.

लीलाधर फालक म्हणतो, स्टार्टर.
सावद्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान,
त्याला ब्रह्मांडाच्या मुळाशीही स्टार्टरच दिसतो.
"एवढं धूड एकदम उचलेल का भो?
आधी हळूच कोणी ढकलावं लागतं."

फत्तू तडवी भुसावळच्या शेडमधून रिटायर झालेला.
तो म्हणतो, ही जागं ठेवायची पेटी.
ठरल्या वेळात बटण दाबलं नाही
तर यान आपलं आपण ब्रेक मारणार.
"पण दाबतो कोण?"
"तेच तर," फत्तूने विडी विझवली,
"दाबणारा आपल्याला दाखवत नाहीत."

शोभा फिरके सरकारी दवाखान्यात नर्स.
तिने घड्याळ लावून मोजलं:
मिनिटाला आठ, फार तर साडेआठ.
"झोपलेल्या माणसाचा श्वाससुद्धा याहून भरभर पडतो.
आत जो कोणी आहे, तो फार खोल गेलाय."
त्या रात्री पुढचा भाग कोणी लावला नाही.

मी केळीच्या चेंबरवर रात्रपाळीला.
मला वाटतं, ती पेटी पिकणं थोपवून धरते.
बघा ना, यान निघून नऊ वर्षं झाली,
कॅप्टनच्या कानशिलावर एक केस पांढरा नाही,
स्वयंपाकिणीचं बाळ अजून रांगतंय.
"तुला जिथेतिथे घडच लटकलेले दिसतात,"
लीलाधर म्हणाला.
स्टार्टरवाला लीलाधर!

पौषात त्याच्या शेतात भरीत केलं.
कपाशीच्या काड्यांचा जाळ, बामणोदची वांगी,
वर उघडं आभाळ, थंडी हाडात शिरणारी.
वाद एवढा पेटला की चार वांग्यांचा कोळसा झाला.
तेव्हा शोभाची अकरा वर्षांची नयना म्हणाली,
"प्लायवूड आहे ते. आत दिवाळीच्या माळेतला बल्ब."
सगळे गप्प.
काड्या तडतडत राहिल्या.
मग फत्तू, जरा दुखावल्यासारखा:
"आम्हाला ठाऊक नाही होय ते?
इथे प्लायवूड आहे, पोरी.
यानात नाही."

एकतिसाव्या भागात, कॅप्टन
लढाईवर लांबलचक बोलत असताना,
मागून एक माणूस जातो.
नाव नाही, तोंड दिसत नाही, पाठ तेवढी.
जाता जाता पेटीला हात लावतो.
लीलाधरने चित्र थांबवलं. मागे नेलं. पुन्हा थांबवलं.
पालथा हात.
"याला कधीतरी करंट बसलाय," लीलाधर म्हणाला,
"तळहात लावला तर बोटं चिकटून बसतात.
हे शिकवून येत नाही."
शोभा पडद्याच्या जवळ सरकली.
"ताप बघतोय," ती म्हणाली.
फत्तू काहीच बोलला नाही,
पण विडी पेटवायची राहून गेली.

आमच्या चार नंबर चेंबरच्या पॅनेलवरही
एक दिवा आहे.
बसवणारा कारागीर राजकोटला निघून गेला,
पुस्तिकेत त्या दिव्याचं नाव नाही,
मालक म्हणतात, लागतोय ना? मग लागू दे.
सहा वर्षं मीही लागू दिला.

काल पहाटे तीनला
आत अकरा टन हिरवं झोपलेलं, कॉम्प्रेसर घुमतोय,
मी पालथा हात लावला.
कोमट.
मोजायला घेतलं:
पाचवर आलो होतो,
तेवढ्यात गेटाशी हॉर्न वाजला.
पंजाबचा ट्रक. हमाल झोपलेले,
त्यांना उठवायचं होतं.