अकरावा प्रश्न

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर अकरावा प्रश्न:
‘पाल्य एका जागी किती वेळ बसू शकते?’
पुढे इंचभर रेघ.

कन्नमवार नगरात रात्रीचे साडेअकरा.
खाली इस्त्रीवाला कोळसे विझवतोय.
ती झोपलीय, एक पाय पलंगाबाहेर,
जणू झोपही अर्धी टाकून कुठेतरी निघायचंय.

सत्तावीस डिसेंबरचा जन्म.
चार दिवसांनी बसते नियमात.
पाच दिवस उशिरा आली असती
तर हा प्रश्न पुढच्या वर्षी पडला असता
आणि आम्ही आत्ता घोरत असतो.

तन्मयी.
नाव सासऱ्यांनी ठेवलं, कौतुकानं.
आता तेच हाक मारतात, चार-चार वेळा.
ही एक बूट घालते, दुसरा हातात घेऊन
जिन्यात मुंग्यांच्या मागे तीन पायऱ्या उतरते,
आणि तिथून विचारते,
‘आपण कुठे चाललो होतो?’

शाळेत भेटीला बोलावलं होतं.
देवरुखकर बाईंनी दोरा दिला, लाल मणी दिले.
‘ओव बरं.’
तीन ओवले.
चौथा मुठीत घेऊन ती खिडकीशी गेली.
समोरच्या गच्चीवर कावळा
कपड्यांचा हँगर ओढत होता, निळा,
पाण्याच्या टाकीला अडकत होता, पुन्हा ओढत होता.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बारीक.
मला उलटं वाचता येतं, पण चष्मा पर्समध्ये.

‘हुशार आहे हो,’ बाई म्हणाल्या.
‘पण एक वर्ष थांबलात तरी बिघडत नाही काही.’

एक वर्ष.
म्हणजे पाळणाघराचे बारा गुणिले साडेचार हजार,
आणि मोरजकर काकूंचे गुडघे.
‘पाठव की,’ हिचा बाबा म्हणतो,
‘शाळेत गेल्यावर बसायला शिकतील, म्हणून तर शाळा.’
म्हणतो आणि मोबाइलमध्ये क्रिकेट बघतो.
गेल्या महिन्यात बाजारात हात सुटला.
सापडली ती सुकटीवालीच्या टोपल्यामागे,
मांजरासमोर उकिडवी, अगदी मन लावून.
सहा मिनिटं.
घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मी लॅबमध्ये पेशी मोजते.
शंभर झाल्या की यंत्र टिंग करतं.
तोवर कुणी हाक मारली तरी मान वर नाही.
आई म्हणते, तू तरी काय,
सात वर्षांची होईपर्यंत ताटावरून उठून जायचीस.
मला आठवत नाही.
बहुधा लक्ष नव्हतं.

झोपताना तिनं विचारलं,
‘त्याचं घर झालं का गं?’
‘कुणाचं?’
माझ्याकडे बघितलं तिनं,
बाईंनी तिच्याकडे बघितलं होतं तसं.

रेघेवर लिहिलं: कावळा येईपर्यंत.
खोडलं.
लिहिलं: दहा मिनिटं.
हे खोटं आहे, म्हणून तेही खोडलं.
मग पानाच्या तळाशी दिसलं:
खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.

बरं झालं.
नवा फॉर्म पन्नास रुपयांना, आणि तोही सोमवारी,
उद्या रविवार.
तिचा फ्रॉक भिजत घालायला उचलला
तर खिशातून चौथा मणी पडला,
टणटणत कपाटाखाली गेला.

मी गुडघ्यांवर बसले, हातात कंदिलासारखा मोबाइल.
तिथे एक खडू होता, एक झुरळ,
आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेलं माझं कानातलं.
किती वेळ बघत बसले, कोण जाणे.