कोरडी धुलाई

गंगावेशीत उतरलात की डावीकडं पाटी दिसते:
‘परीट ड्रायक्लीनर्स. चोवीस तासांत कपडे तयार.’
पाटी खोटी आहे. अजून बदललेली नाही.

लोकांना वाटतं, ड्रायक्लीन म्हणजे कोरडं.
कोरडं काही नसतं त्यात.
पाण्याऐवजी दुसरंच ओलं असतं,
गोडसर, जड, उडून जाणारं.
उडून कुठं जातं, हे अण्णांनी एकतीस वर्षांत विचारलं नाही.
ड्रमचं झाकण उघडताना मान तेवढी बाजूला करायचे.
संध्याकाळी डोकं धरून पायरीवर,
मग कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन म्हणायचे,
“उतरतंय की.”

एकदा घरात मटण करपलं, धूर दारापर्यंत आला,
आणि अण्णा शेजारीच पेपर वाचत बसलेले.
तेव्हा कळलं,
नाकही उडून गेलंय.

मी लक्ष्मीपुरीतून किलोभर रिठे आणले.
फोडले, भिजवले, सकाळी चुरगळले.
फेस आला, कासंडीत यावा तसा.
आणि पहिलाच फेटा हातात मेला:
सरनोबतांचा, गुलाबी,
रंग सगळा बादलीत, लग्न परवावर.
पैसे भरून दिले. बोलणी खाल्ली ती वेगळी.

तेव्हापासून आधी काठाचा कोपरा उलटून
ओल्या पांढऱ्या फडक्यानं दाबून बघते.
उतरला रंग, तर कापड परत.
तांबड्या रश्श्याच्या कटावर रात्रभर शंखजिरं.
रेशीम पिळायचं नाही, पंचात गुंडाळायचं,
आजारी माणसाला उठवून बसवावं
तसं दोन्ही हातांनी उचलायचं.
कोट मात्र जमत नाही अजून. खांदा फुगतो.
कोट घेत नाही.

गिऱ्हाईक साडी नाकाला लावतं.
“वासच न्हाई की ओ. धुतलीया नव्हं?”
मी काय बोलणार?
तो वास म्हणजे स्वच्छ,
हे आम्हीच शिकवलं त्यांना.

परवा माईणकर बाईंची इरकल
गच्चीवर सावलीत वाळली.
अण्णांनी घडी घालायला घेतली,
आणि जुन्या सवयीनं पदर नाकाशी नेला.
मी इस्त्री उभी करून ठेवली.
“काय येतंय?”
“काय न्हाई.”
मग जरा थांबून,
“तुला येतंय?”

मी हुंगलं.
गार पाणी. किंचित रिठा, आंबूस.
आणि खाली कुठंतरी बाईंच्या कपाटातली वाळ्याची मुळी.

“मलाही नाही,” म्हटलं.

“मग बरोबर धुतलीस,” म्हणाले अण्णा,
आणि निऱ्यांवरून हात फिरवत राहिले.