रुमालाखाली

वॉर्डातल्या इतर सिस्टर सगळ्यांच्याच.
ही एकटी फुप्फुसवाल्यांची.
एस्तेर आवळे, राहणार मिरज, रेल्वे पुलापलीकडे.
गळ्यात दोन मोबाइल. एक तिचा,
दुसरा आमच्यासारख्यांचा, तो रात्रीही चालू.

पहिल्याच दिवशी मी तिला जिन्यात गाठलं.
म्हटलं, अप्पांना आजाराचं नाव कळू देऊ नका,
छातीत पाणी झालंय एवढंच सांगितलंय आम्ही.
ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.
"विचारलं तर मी खोटं बोलत नाही,
नाही विचारलं तर उगाच बोलत नाही.
तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?"

अप्पा म्हणजे पायगोंडा मगदूम, समडोळीचे.
सांगलीच्या यार्डात एकेचाळीस वर्षं
एकाच अडतीत हळदीचे सौदे लावले.
विडी नाही, तंबाखू नाही,
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस.
"मग मला कसं?" हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.
बरगडीतल्या नळीतून बाटलीत उतरलेलं पाणी बघून
फक्त म्हणाले, "राजापुरीचा रंग हाय की."

एस्तेर सांगेल ते मी शाळेच्या टाचणवहीत मागच्या पानांवर उतरवायची.
गोळी रोज ठरल्या वेळी, एक मिनिट इकडंतिकडं नको.
तोंडावर पुरळ येईल, औषध बंद करायचं नाही, मला फोन.
धाप लागली की टेबलावर उशी, उशीवर कोपर, पुढं झुका,
आणि छोटा पंखा गालाजवळ.
जत्रेतला प्लॅस्टिकचा चालतो, महागडा आणू नका.
मॉर्फीनला भिऊ नका,
भ्यायचंच तर बद्धकोष्ठाला भ्या.
योजनेच्या कार्डाच्या झेरॉक्स चार.
कुणी पाचवी मागितली तर मला फोन.

दुसरा स्कॅन आला त्या दिवशी यार्डात नवी हळद आली होती,
बघायला आलेल्या हमालांच्या सदऱ्यांना वास होता.
ते गेल्यावर अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला,
स्वतःच्या हातावर टाकला,
आणि तिला म्हणाले, "हात आत घाला, सिस्टर."

पूर्वी बाजार असाच चालायचा.
कापडाखाली बोटं बोलायची,
भाव दोघांनाच ठाऊक,
बाकीचे नुसता रुमाल हलताना बघत उभे.
"महिने का वर्षं, ते तुमचं तुम्ही धरा," अप्पा म्हणाले,
"माल बघितलाय तुम्ही. भाव खरा सांगा."

पंचा हलला.
मग थांबला. बराच वेळ थांबला.
मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी,
गिऱ्हाइकासारखी नाही, पोत्यासारखी.

अप्पांनी हात बाहेर घेतला, पंचा झटकला,
सवयीनं; झटकायला हळद नव्हती त्यात.
"झालं. वकिलाला बोलवा, ओढ्याकडच्या पट्टीचं
बहिणीला लिहून द्यायचं राहिलंय.
आणि तू, जिन्यात कुजबुजणं बंद कर."

मी तरीही जिन्यातच विचारलं. किती सांगितलंत?
"मला ती बोटं कुठली यायला ओ," एस्तेर म्हणाली.
"त्यांनी माझी पाचही धरली.
मी काही सोडवून घेतली.
पुढचं मलाही माहीत नाही,
म्हणून हात तसाच राहू दिला.
कितीवर थांबलो ते त्यांना विचारा. सांगतील."

मी विचारलं नाही.
एकदा, पंखा धरलेला असताना, अगदी ओठांवर आलं होतं.
अप्पांनीच डोळे मिटून घेतले, मला वाटलं झोपले.

दिवस झाल्यावर ती समडोळीला आली, एसटीनं,
उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या परत न्यायला.
आईनं पेपर पसरला.
एस्तेरनं पाकिटं उघडली, एकेक गोळी
बोटानं इकडून तिकडं सरकवत मोजली,
मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
तेवढ्यात दुसरा मोबाइल वाजला.
"खिडकी उघडली का?" ती कुणाला तरी विचारत होती,
"आता उशी घ्या. मी आहे फोनवर."
एक बोट तेवढं सतराव्या गोळीवर
तसंच टेकवून ठेवलेलं.