तपासनीस

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये
सदतीस वर्षं मी ताव तपासले.
एकसारखे चेहरे, रांगेने, शाईचा वास येणारे.
एखादा केसभर सरकलेला दिसला
की लाल पेन्सिलीची खूण, ताव बाजूला.
संध्याकाळी झडती देऊन रिकाम्या हातांनी बाहेर.
कोट्यवधी गेले या बोटांखालून;
एक तारखेला त्यातलेच चार परत यायचे.

आता भोंगा होतो तो दुसऱ्यांसाठी.
जेल रोडच्या दोन खोल्यांत
मी दुपारी कोरियाच्या मालिका बघते.
भाडेकरू पोरगी सुरगाण्याची, फार्मसीला आहे,
तिने टॅबवर लावून दिल्या.
म्हणाली, निकाळेबाई, खाली हिंदीत येतं, ते वाचा.
मी वाचत नाही. मी चेहरे बघते.

त्यात एक म्हातारी आहे, चॉन मल-सुन.
नावातच सून,
आणि हयात गेली सासवा करण्यात.
मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मुळे निवडत होती.
वाक्य एकच, ते पोरीने सांगितलं: जेवलास का?
पण ती ज्या तऱ्हेने मुळा खाली ठेवते
त्यावरून कळतं की तो जेवलेला नाही
आणि तिला ते आधीच माहीत आहे.

मी म्हटलं, हिचं जुनं काही शोध.
पोरीने शोधलं. काळंपांढरं, ओरखडे पडलेलं,
मधेच आवाज बुडालेला सिनेमा.
विहिरीपाशी पाच-सहा बायका, सगळ्या पाठमोऱ्या,
सात सेकंदांत संपलं.
तिसरी ती, मी म्हटलं.
काहीतरीच.
थांबवून मोठं करून बघ. डाव्या कानामागे तीळ.
तीळ होता.
एकोणीस वर्षांची. मीही एकोणिसाव्या वर्षीच लागले प्रेसला.

मग तीन वर्षं ती नायिका.
मग नऊ वर्षं कुठेच नाही.
लग्न, मूल, कुणाचा राग, आजारपण,
कुठे लिहिलेलं सापडलं नाही.
त्र्याऐंशी साली मी सात महिने बिनपगारी कुठे होते
तेही कुठे लिहिलेलं नाही.

परतली ती थेट आई होऊन.
ज्याच्यासोबत होडीत बसली होती लाजून
त्याचीच आई.
तो अजून तरुण होता,
त्याचे केस काळे करणारा माणूस पगारावर असणार.
तिने त्याला भात वाढला. नीट वाढला,
कमी नाही, जास्त नाही.

त्यानंतरचं मी वहीत मांडत गेले.
खानावळवाली. राणीची दाई. न्यायाधीश, एकदाच.
भूत दोनदा.
चौदा वेळा मेली, चौदाही वेळा निराळी;
एकदा डोळे मिटायला विसरली,
का मुद्दाम, ते दिग्दर्शकाला विचारावं लागेल.

नव्या मालिकेत ती ब्याऐंशीची.
काल सुनेला चहा ओतत होती
आणि हात हलला.
आधी वाटलं, देवळालीच्या तोफा.
सरावाच्या दिवशी आमच्या काचा वाजतात, टॅबही हलतो.
पण काचा गप्प होत्या.
बशीत चहा सांडला. कॅमेरा तिथेच.
समोरची तरुण नटी क्षणभर सून राहिली नाही,
नुसती त्या हाताकडे बघत बसली.

मागे नेऊन चारदा पाहिलं.
भूमिकेतला कंप की तिचा स्वतःचा?
सदतीस वर्षांचा डोळा, आणि सांगता येईना.
माझी बोटं आपोआप चिमटीत आली,
पेन्सिल धरल्यासारखी.
मग सोडली.
जाऊ दे हा ताव पुढे.

सहाला पोरगी आली, दारात चपला काढत होती.
मी मेथी निवडत होते.
जेवलीस का गं दुपारी?
हो म्हणाली.
मी जुडी खाली ठेवली.
खोटं लगेच कळतं मला,
त्याचाच तर पगार घेतला.