दोन सूत

दिवाळीत बसवल्या खिडक्या,
मार्गशीर्षात शिट्टी मारायला लागल्या.
आधी वाटलं, शेजारच्या मगदुमांचा कुकर.
पण रात्री अडीचला कोण डाळ शिजवतंय?

काळ्या पावडर कोटिंगच्या, तीन पट्टीच्या.
एका बोटानं सरकतील, सुकुमार म्हणाला होता.
सरकतात.
बोटाशिवायही सरकतात.

मी दिवा न लावता कडेनं हात फिरवला,
जसा उद्यमनगरात फिरवायचो
एकतीस वर्षं, सागवानी पॅटर्नवरून,
जिथं अर्धं सूत चुकलं तर अख्खं ओतकाम भंगारात,
आणि शेठ बोलायचा नाही काही,
नुसता तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवून जायचा.
खालच्या कोपऱ्यात करंगळी गारठली.
दोन सूत.
ब्रश उसवलेला, रबर चार बोटं आखूड,
सिलिकॉन असं फासलेलं
की पोरानं श्रीखंड खाऊन तोंड पुसलेलं नाही.

शालननं फटीत जुन्या साडीचा काठ कोंबला.
वारा काठ ओलांडून येतो, आणि येताना
नदीकडच्या फडातली राख आणतो,
जळल्या पाचटाच्या काळ्या काड्या,
पहाटे फरशीवर मुंग्यांसारख्या रांगेत,
फक्त चालत नाहीत.
ती पुसते. वळून बघते तर परत.
"जुन्या काय वाईट होत्या," एकदाच म्हणाली.
एकदाच पुरलं.

जुन्या मीच काढायला लावल्या.
पावसाळ्यात फुगायच्या, खांदा लावावा लागायचा,
आणि माझा खांदा आता तसा राहिला नाही.
लाकूड एकानं नेलं, कब्जे दुसऱ्यानं, किलोवर.

सुकुमारला फोन केला. "बघतो की काका."
परत केला. "उद्या पोरगं लावून देतो."
त्याचा उद्या म्हणजे गुऱ्हाळावरची काहिल,
रटरटत राहते, उतरत नाही.

शेवटी एका रविवारी इर्शाद आला, आपणहून,
पिशवीत रबराचं भेंडोळं आणि ओळंबा.
एकोणीस-वीसचं पोरगं, मिसरूड नीट फुटलेलं नाही.
त्यानं वरून दोरी सोडली.
आम्ही दोघं त्या पितळी लोलकाकडं बघत राहिलो
डुलायचा थांबेपर्यंत.
"चौकट हलकीच आहे काका, खोटं कशाला बोलू.
पण भिंत बघा."
वर दोरी भिंतीला चिकटलेली.
खाली सहा सूत हवा.

ही भिंत चौऱ्याण्णव साली मी उभं राहून बांधून घेतली,
कारखान्यात रजा टाकून, फुलेवाडीच्या उन्हात छत्री धरून.
बळवंत गवंड्याला दोनदा थर पाडायला लावला.
तिसऱ्यांदा तो म्हणाला होता,
"मास्तर, भिंत हाय ही, मशीन न्हवं."

म्हणजे जुन्या खिडक्यांचा सुतार.
त्याला दिसलं असणार पहिल्याच दिवशी.
काही न बोलता त्यानं चौकट एका अंगानं तासली
आणि माझी भिंत झाकली,
तीस वर्षं.
नाव आठवेना. कागलचा होता.
चहात साखर नको म्हणायचा.

माळ्यावर सागाचा एक तुकडा होता.
मी रंधा काढला, पातं लावलं,
एका टोकाला सहा सूत, दुसऱ्या टोकाला काहीच नाही
अशी पाचर काढायला बसलो.
हात थरथरतो हे इर्शादनं बघितलं,
आणि दुसरं टोक दाबून धरलं, न विचारता.
दोनदा चुकलो. भुगा शालननं झाडला.

रात्री वारा आला.
शिट्टी थांबली नाही, खर्जात उतरली.
अंधारात शालन म्हणाली,
"आता कुणाचा तरी घसा बसलाय."

सुकुमारचे चार हजार
अजून मी दिलेले नाहीत.